मुरमाची माती

कौसामावशी गेल्याचं त्यांच्या मुलानं, राजूनं, फोनवर सांगितलं. "आई गेली, मॅडम. परवा माती झाली. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं." एवढंच. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्याला आता पाच आठवडे झाले.

माझी सगळी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली. तिथं आलेल्या पिशव्यांची गणती नाही, माणसं मात्र थोडीच लक्षात राहिली. मावशी राहिल्या, कारण त्यांनी पहिल्यांदा आणली ती मातीच नव्हती. पडेगावच्या पुढं गायरानाच्या उतारावर त्यांच्या नवऱ्यानं तुकडा कसायला घेतला होता. बौद्ध वस्तीत कुणाच्या नावावर रान नव्हतं. वाट्याला आला तो गुरांनीही सोडलेला माळ. नवरा लवकर वारला आणि तो माळ मावशींकडं राहिला. त्यांनी टेबलावर पिशवी उलटी केली तर नुसता पिवळसर मुरूम निघाला. मी म्हटलं, ही माती नाही, दगड आहे. त्या म्हणाल्या, "दगुडच हाय. पर ह्याची माती कवा व्हईल, ते सांगा."

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी हातातलं काम ठेवून सांगत बसले. पावसाचं पाणी हवेतून अन् मुळांच्या श्वासातून जरासा आंबटपणा घेतं, तो काळ्या पाषाणात मुरतो, दगड कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटायला लागतो, त्यातलं लोखंड गंजून पिवळं-तांबडं होतं. तोच मुरूम. तो आणखी कुजत गेला की शेवटी आपली चिकण काळी माती. पण त्याला माणसाची आयुष्यं पुरत नाहीत, हेही सांगितलं. मुळं जास्त असली तर लवकर होतं का, असं त्यांनी विचारलं. थोडंसं, मी म्हटलं. "थोडं तर थोडं," म्हणून त्या उठल्या.

त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी पिशवी यायची. मावशींनी उताराला आडवे दगडी बांध घातले, वाहून येणारा गाळ अडवला, तूर-अंबाडी पेरली, सीताफळं लावली, दुसऱ्यांच्या गोठ्यात राबून मजुरीऐवजी शेण आणलं. स्वभाव गोड नव्हता. शेळ्या शिरल्या तर त्या दगड घेऊन धावत. राजूनं एकदा रानातलं धसकट पेटवलं, तर त्याच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. पिशवीतला रंग मात्र बदलत गेला. पिवळ्याचा भुरा, भुऱ्याचा काळपट. एकदा मी रानात गेले, तेव्हा त्यांनी एका गोल दगडाचा पापुद्रा नखानं सोलला, बोटांत चुरला आणि तुरीच्या बुडात टाकला. तिथं तोवर वीतभर माती झाली होती...

मग जवळच्या रस्त्याला भराव लागला आणि तो उतार मुरमासाठी नेमला गेला. सरकारी कागदावर त्याची नोंद 'पोटखराब' होती, म्हणजे लागवडीला नालायक. सुनावणीच्या आधी मावशी माझ्याकडं आल्या. इथं कसलेली माती आहे, एवढं लिहून द्या, म्हणाल्या. मला निवृत्तीला दोन वर्षं होती. आमची प्रयोगशाळा नमुन्याचा अहवाल देते, जमिनीचा दाखला देत नाही, असं मी म्हटलं. वाक्य नियमाला धरून होतं. ते बोलताना मी मान वर केली नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर बघितली व्हती."

यंत्रं तीन दिवस चालली, असं राजूकडून नंतर कळलं. वरची माती निराळी काढून ठेवायलासुद्धा कुणी थांबलं नाही. मुरमात कालवून ती गाड्यांत गेली आणि रस्त्याखाली रोलरनं दाबली गेली. तिन्ही दिवस मावशी काठावर उभ्या होत्या. मग राजूनं त्यांना बजाजनगरला आपल्या खोलीवर आणलं. तो वाळूजच्या एका कारखान्यात कामाला आहे. तिथं त्यांचं बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. डॉक्टरांना आजार असा सापडला नाही. नऊ महिन्यांत संपल्या.

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. चहा झाल्यावर राजूनं विचारलं, आईनं तुमच्याकडं कागद मागितला होता का? मी हो म्हटलं. तो दिला असता तर रान वाचलं असतं का? मला माहीत नाही, मी म्हणाले. तेही खरं होतं. त्यानं रिकामे कप उचलून आत नेले.

निघताना सुनेनं मला गॅलरीत नेलं. कोपऱ्यात एक फुटका प्लास्टिकचा टब होता, त्यात मुरूम भरलेला. यंत्रं चालली त्यातल्या शेवटच्या दिवशी मावशींनी रानाच्या झालेल्या खाणीतून तो पदरात बांधून आणला होता. रोज चहाचा चोथा आणि तांदूळ धुतलेलं पाणी त्यात ओतायच्या, अंगठ्यानं दाबून बघायच्या. "आता मीच टाकते," सून म्हणाली, "हात आपोआप तिकडं जातो."

मी वाकून अंगठा दाबला. खालून दगड टोचला. अजून मुरूमच होता.