पोपटीतला पहिला हात

वकिलाने माझ्या बापाचं मनगट पकडलं आणि पंजा तापलेल्या मडक्यावर दाबून धरला.

चर्र असा आवाज झाला. बाबा ओरडला नाही. गादीवर लोळलेला मुंबईचा पाहुणा पान चघळत म्हणाला, "वकीलसाहेब, आता शिजली बरं का तुमची पोपटी!" सगळे हसले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ओव्याचा वास होता, त्यात जळक्या कातडीचा वास मिसळला. तो माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. जायलाही नको आहे मला तो.

मी ताटं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. वकिलाच्या त्या बंगल्यात मी कामाला होते. धुणं, भांडी, वाटणघाटण. नवरा मुंबईला गिरणीत, सासर-माहेर दोन्ही आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांवर. महाडच्या बाजारापासून जरा लांब, हमरस्त्याच्या अंगाला तेव्हा नवे बंगले उठले होते. वकील, डॉक्टर, लाकडाचा ठेकेदार. थंडी पडली की दर रविवारी यांच्यापैकी कुणाकडे तरी बैठक बसायची. खिडक्यांना काचा, काचांवर पडदे, दारं लावलेली. खाली गाद्या-लोड, मधे पत्ते, कोपऱ्यात कॅरम, फोनोची तबकडी फिरते आहे आणि आतून गरम गरम ताटं येताहेत. बाईसाहेब म्हणायच्या, "थंडीत कसं छान वाटतं नाही घरात!" आमच्या वाडीवर त्याच थंडीत म्हातारी माणसं सकाळी उठतच नसत. थंडी छान असते हे मला त्या घरात कळलं.

त्या वर्षी त्यांना पोपटीची हुक्की आली. वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, जाडं मीठ. तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं, वरून पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र वाजलं की झाली. पाण्याचा थेंब नाही आत, तरी शेंग लोण्यासारखी होते. मग केळीच्या पानावर ढीग ओतायचा, सगळ्यांनी भोवती बसायचं, आणि ज्याने मडकं लावलं त्याने पहिला हात घालायचा. त्याने घातल्याशिवाय दुसरा कोणी घालत नाही. खोत असला तरी नाही. आमच्यात हे कोणी कोणाला शिकवत नाही.

बाबा पोपटी लावण्यात पटाईत. पण वकिलाने त्याला बोलावलं ते तेवढ्यासाठी नव्हे.

आमच्या वाडीजवळ, उमरठच्या वरच्या अंगाची जमीन कागदावर वकिलाची, नांगराखाली आमची. आजोबापासून. कायदा आला होता, कसेल त्याची जमीन. दुसऱ्या दिवशी मामलेदार कचेरीत बाबाला विचारणार होते, जमीन घेतोस का सोडतोस. वकिलाने त्याला पढवून ठेवलं होतं. "नको म्हणून सांग. कसायला तुलाच ठेवतो. कायदा आज आहे उद्या नाही, मी आहेच ना?" आणि वर म्हणाला, "राघो, उद्या यायचंच आहेस तर आजच ये. शेंगा आण. पोपटी लाव. आपण सगळे मिळून खाऊ."

आपण सगळे मिळून. बाबाने ते खरं मानलं. धुतलेलं धोतर नेसून आला होता बिचारा. डोक्यावर शेंगांचं ओझं, काखेत मडकं. मला म्हणाला, "वकीलसाहेबानं जेवाया बोलवलंय गो."

मागच्या परसात त्याने मडकं लावलं. आतली माणसं काचेतून बघत होती, बाहेर कोणी आलं नाही. गार वारा सुटला होता. शिजल्यावर बाईसाहेबांनी सांगितलं, मडकं आतच आणा, निवतंय. बाबाने फडक्यात धरून ते आत आणलं, पाय पुसले, केळीच्या पानांवर ढीग ओतला. वाफ उठली. सगळे "वा वा" म्हणाले.

आणि बाबा खाली बसला. गोलात. डॉक्टर आणि ठेकेदार यांच्या मधे जागा होती तिथे. मांडी घातली आणि रीतीप्रमाणे पहिला हात ढिगात घातला.

फोनो वाजत होता. डॉक्टर बाजूला सरकला.

"उचल तो हात," वकील म्हणाला.

बाबाला कळलंच नाही. त्याने एक शेंग सोलली आणि हसून वकिलापुढे धरली. "घ्या सायेब. लोणी झालीय."

मग वकिलाने त्याचं मनगट धरलं. पुढचं मी सांगितलंच आहे.

शेंगा ज्या हाताने तोडल्या, पाला ज्या हाताने भरला, कोंबडी ज्या हाताने चिरली, तोच हात. भरताना चालला. खाताना नाही चालला. बाईसाहेब मला म्हणाल्या, "हे सगळं बाहेर नेऊन टाक गं. त्यालाच घाल. आणि पुऱ्या टाकायला घे."

बाबा म्हणत होता, "चुकलं सायेब. मानसाकडून व्हतं." आणि हसत होता. हात छातीशी धरून हसत होता. भाजलं त्याचा नाही, त्या हसण्याचा मला संताप आला. माझा बाप माझ्यादेखत चूक नसलेली चूक कबूल करत होता.

मी ताटं सोडून दिली. पितळी ताटांचा खणखणाट झाला. पदरात धरून ते मडकं उचललं. माझेही हात भाजले, ते मला नंतर कळलं. वकिलाच्या पुढ्यात फरशीवर आपटलं. खापऱ्या उडाल्या. एक त्याच्या नडगीत घुसली आणि पांढऱ्या गादीवर रक्त सांडलं. तांबडंच होतं. मग त्याने माझे केस धरले. ठेकेदाराने कमरेत लाथ घातली. दोघांनी मिळून मला ओढत पायरीवरून खाली फेकलं, आणि माझ्या अंगावर बाबाला ढकललं. दार लागलं. काचेच्या आत पडदा ओढला गेला.

रस्त्याला लागल्यावर बाबाने मला मारलं. डाव्या हाताने, कानफटात. "जमीन घालवलीस रांडं! आता खायाचं काय?"

मी म्हटलं, "उद्या तू नको म्हनशील तवा जाईल जमीन. मी नाय घालवली."

तो मटकन खाली बसला. रडला. बाप रडताना मी पहिल्यांदा बघितला. एसटीच्या स्टँडवर बसून मी त्याच्या हाताला ओलं फडकं बांधलं. पंजा फुगून टरारला होता.

सकाळी कचेरीत वकील लंगडत आला. जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. कचेरीतल्या साहेबाने विचारलं, "राघो, जमीन घ्यायची आहे का तुला?" वकील बाबाकडे बघत होता. बाबा खाली बघत होता. मी दारात उभी होते. पुढे गेले आणि त्याच्या हाताचं फडकं सोडलं.

बाबाने पंजा बघितला. सगळ्या कचेरीने बघितला.

"घ्यायाची हाय," बाबा म्हणाला. "मी कसतो. माझा बापूस कसायचा. सोडनार नाय."

म्हणून जमीन ताटात वाढून आली असं नाही. तारखा पडत राहिल्या. आमच्या पेंढ्याच्या उडव्या जळल्या, बैलाच्या पायावर कोणी कोयता मारला, बाबाला आंबेनळीच्या रस्त्यावर दोनदा गाठून मारलं. हाताची बोटं त्याला शेवटपर्यंत पुरती मिटता आली नाहीत. नांगर तो मनगटाने दाबायचा. पण दाबायचा स्वतःच्या जमिनीत. त्या माणसांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

थंडीत मी अजून पोपटी लावते. बंगल्यांवरून निरोप येतात, घरी येऊन लावून द्या म्हणून. मी कोणाच्या घरात मडकं नेत नाही. ज्याला खायची त्याने आमच्या शेतात यावं, मातीत बसावं, आणि माझा हात पडल्यावर आपला घालावा. माझ्या माणसाचं मनगट पुन्हा कोणी धरलंच, तर या खेपेला मी मडकं फरशीवर फोडणार नाही.