अष्टमीची दुपार

आगरदांड्याच्या जेट्टीवर लाँचचा भोंगा वाजला की ती घटना आजही आठवते. मी तेव्हा त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. खबऱ्याने निरोप आणला, "साहेब, येत्या शुक्रवारी मोहल्ल्यातली पोरं लाँच अडवनार हायत." कारण होतं एका ठेकेदाराकडची लाँच चालवायची नोकरी. मुसलमान म्हणून चाचणीलाच बोलावलं नाही, असा अर्ज एका म्हाताऱ्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या नाखव्याच्या, मुलाने दिला होता.

माझा स्वभाव संशयी. ठेकेदारावर विश्वास नव्हता, तसा अर्जावरही नव्हता. नापास झालेला माणूस कारण शोधतोच. मुलाचा जबाब घेतला. "सुकाणू हातात दिल्यावर मी चुकलो असतो, तर गप घरी गेलो असतो, साहेब. पन बोलवलाच न्हाय." बाप अंथरुणाला खिळलेला. ही नोकरी गेली तर त्याला सोडून मुलगा आखातात जाणार होता.

ठेकेदाराचा सुपरवायझर गावातलाच, तोंडाने गोड. "बोलवला व्हता की! शुक्रवारी दुपारी, भर भरतीला चाचनी घेतली. हा नमाजाला गेला. पानी काय त्याच्यासाठी थांबल?" उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच खटकलं.

मी चहा मागवला. चौकशीत मी जेवणाचं हमखास विचारतो. माणूस तारीख विसरतो, जेवण विसरत नाही.

"त्या दुपारी जेवलास कुठे?"

"जेवन कुठलं, साहेब! नवरात्रातली अष्टमी, माझा कडक उपास."

मी कप खाली ठेवला. आमच्या किनाऱ्यावर हिंदू असो की मुसलमान, पाण्याची वेळ तिथीवरूनच काढतो. अष्टमीला भर दुपारी ओहोटी असते.

"अष्टमीच्या दुपारी भरती कुठल्या समुद्राला आली रे?"

त्याचं तोंड उतरलं. "चाचनी झालीच न्हाय, साहेब. मालक म्हनले, त्यांच्यातला नको. नमाजाचं नाव घेतलं की पुढं कोन इचारत न्हाय."

अहवाल वर गेला, तशी ठेकेदाराची पळापळ झाली. सगळ्यांदेखत, खऱ्या भरतीला चाचणी घेतली गेली. मुलाने लाँच अलगद जेट्टीला लावली आणि नोकरी मिळवली.

तो पेढे घेऊन ठाण्यात आला. मी म्हटलं, "खरं कधी लपत नाही." तो हसला नाही.

"साहेब, त्या सुपरवायझरचा उपास नसता तर?"

भेदभाव करणारा पुरावा मागे ठेवत नाही, आणि आपण तो मागतो सोसणाऱ्याकडे, हे मला त्या प्रश्नाने शिकवलं. त्याच्याशी खोटं बोलवेना.

"तर तुझा अर्ज खोटा ठरवून मी निकाली काढला असता," मी म्हणालो.