तुळसाबाईची पोपटी पँट

आंबिवलीच्या गावठाणात लग्न ठरलं की आधी डीजे ठरायचा, मग जेवणवाला, आणि मग घरातलं कुणीतरी तुळसाबाईच्या ओट्यावर येऊन सांगायचं, "मावशी, हलदीला तुमी यायचंय." तुळसाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात गाण्यातून देवांना आवतण देणारी, गाण्यावरच नवरीला हळद लावणारी बाई. शाळेत गेली ती पाटी पुसायला शिकण्यापुरती. पण धवल्यांची ही गाणी अशी तोंडपाठ की तिचं संपेपर्यंत भटजीसुद्धा गपचूप पंख्याखाली जागा शोधायचे.

गेल्या थंडीत मात्र घात झाला. पेटत्या दिव्यांचं ताट घेऊन मांडवाला फेरी घालताना साडीचा घोळ पायात आला आणि बाई ताटासकट सतरंजीवर. सतरंजी जरा जळली, मनगट मोडलं. मुलगा रघु म्हणाला, "आये, आता बस झाला. घरात बसून गा."

घरात कुणासाठी गाणार? मांजरासाठी?

पुढच्या लग्नांत लोकांनी मोबाईलवर धवला लावला. गणपतीला आवतण चाललेलं, आणि मध्येच मोबाईलमधली बाई फ्लॅट विकायला लागली. हे ऐकून तुळसाबाई पोट धरून हसली. मग मोरीत गेली, नळ सोडला आणि रडली. माणसाला आपल्यावाचून कुणाचं अडलं नाही हे कळणं फार वाईट.

तिची नात कल्पिता ठाण्याला नौपाड्यात कपड्यांच्या दुकानात कामाला. उन्हाळा लागला की ती घोट्याच्या वर राहणारी पँट घालून निघायची.

"कापड कमी परला काय गो?" तुळसाबाई विचारायची.

"आजी, क्रॉप पँट आहे ती. फॅशन असते अशी."

"आमच्या टायमाला याला गरिबी म्हनायचं."

पण एका दुपारी घरात कुणी नाही बघून तुळसाबाईने दाराला कडी घातली आणि नातीची काळी पँट चढवली. कमरेला इलॅस्टिक, देवाची कृपा. मागच्या दाराने ओट्याची पायरी उतरली. चढली. परत उतरली. पायात काही म्हणता काही आलं नाही. आणि पायांच्या नळ्यांना वारा लागला. असा वारा तिला भातलावणीत लागायचा, लुगडं गुडघ्यावर खोचून चिखलात उभी राहायची तेव्हा. मधल्या सगळ्या वर्षांत तिचे पाय साडीच्या आत उकडत बसले होते, बिचारे.

संध्याकाळी कल्पिता दारातच थबकली. "आजी! अगं, पँटवर गाऊन?"

"मंग काय उघरी बसू?"

त्या दिवसापासून आजी-नातीचा अभ्यास सुरू झाला. कल्पिता दुकानातलं ज्ञान सांगायची, तुळसाबाई अंगावर करून बघायची. ढगळ पँटवर ढगळ सदरा घातला तर माणूस तांदळाच्या गोणीसारखं दिसतं. एक सैल तर दुसरं बेतात हवं. भर पोटरीवर पँट संपली तर पाय आखूड दिसतात. घोट्याच्या चार बोटं वर संपली तर ऐट येते. उन्हाळ्यात सुतीच बरं, अंगाला चिकटत नाही. एवढं कळल्यावर तुळसाबाईने कपाटातून चांदीचे तोडे काढून पायात घातले. सासूने दिलेले. साडीखाली कुणाला दिसायचे ते?

"आजी, हे तर आमच्या दुकानातल्या पुतळ्यालाही सुचलं नाही," कल्पिता म्हणाली.

आणि अशातच गंगुबाई आली. गंगुबाई म्हणजे भातलावणीतली तिची जोडीदारीण. आता गंगुबाईच्या जमिनीवर टॉवर उभे राहिलेत आणि तिच्या बोलण्यातही मजले चढलेत. तिच्या नातीची, समृद्धीची हळद मे महिन्यात होती. तिने पिशवीतून पोपटी साडी काढली. चमचमती, जरीच्या काठाची. हळदीला घरच्या सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या, आणि धवलारणीला तीच साडी मानाची.

"समृद्धी हट्टाला पेटलीय, तुलसाआजीच पायजे. पन मना समजलाय तू हल्ली कनची सोंगं करतेस. मानाची सारी अंगावर आली पायजे. नायतर घरी बस, मोबाईल हायेच."

तुळसाबाईने साडी कपाळाला लावली. मान नाकारला तर वैर. साडी नेसून ताट उचललं तर परत सतरंजी. रात्रभर तिने दोन्ही बाजूंनी विचार केला, आणि सकाळी कल्पिताला घेऊन विठ्ठलवाडीच्या टेलरकडे गेली.

टेलर कात्री हातात धरून बघतच राहिला. "मावशी, कोरी साडी. कापू?"

"काप रे बाबा. मी रडीन, तू काप."

साडी उन्हात चिकटणारी, म्हणून आतून जुन्या मऊ लुगड्याचं अस्तर लावायला सांगितलं. पँट सरळ, खाली जरीचा काठ, घोट्याच्या चार बोटं वर. वर गुडघ्यापर्यंत बेतात बसणारा कुर्ता. पदर तेवढा अख्खा ठेवला, खांद्यावर घ्यायला.

हळदीच्या संध्याकाळी तुळसाबाई मांडवात शिरली. पुढे पोपटी साड्यांची रांग, मध्ये ही पोपटी पँट, पायात तोडे. डीजेवाल्याने गाणं थांबवलं की ते आपोआप संपलं, देव जाणे. गंगुबाई ताडकन पुढे आली.

"मानाची सारी फारलीस?"

"फारली नाय गो, शिवली. तू दिलीस ती सगली अंगावर हाय, एक चिंधी घरी ठेवली नाय. आता तूच सांग, मान ठेवला का नाय?"

"बाप्ये बघतान!"

"बघू दे. भातलावनीला आपले गुडघे सगल्या गावाने बघितले, तवा तुना लाज नवती."

मागून ठमाबाई फिसकन हसली. ती गंगुबाईची थोरली नणंद, तिला कोण गप्प करणार? गंगुबाईने ताटाकडे बोट केलं. "गा मंग. परलीस तं मोबाईल हाय."

तुळसाबाईने दिव्यांचं ताट उचललं. सगळा मांडव तिच्या पायांकडे बघत होता. रघु खुर्चीतून अर्धा उठलेला. तिने गणपतीला हाक घातली, गावदेवीला घातली, आणि चालू लागली. सतरंजीची घडी आली, ओलांडली. डीजेची वायर आली, ओलांडली. तोडे खणखणले. एका कोपऱ्यावर आवाज जरासा कापला. दुसऱ्यावर तो मोकळा झाला आणि मग असा चढला की पलीकडच्या टॉवरच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. फेरी पुरी झाली. ताटातला एकही दिवा विझला नाही. गाता गाताच तुळसाबाईने समृद्धीला हळद लावली.

मग नाच सुरू झाला. हळदीचं पाणी उडालं, खाली चिखल, वर मे महिना. पोपटी साड्या पायांना चिकटल्या. ठमाबाईने पहिल्यांदा साडी वर खोचली, लावणीत खोचायची तशी. मग दुसरीने. म्हाताऱ्यांच्या नळ्यांची रांगच लागली. तुळसाबाई मध्ये नाचत होती, तिला काही खोचायचं नव्हतं. गंगुबाई जरा वेळ खांबाला टेकून उभी राहिली. मग इकडे तिकडे बघितलं, निऱ्या उचलल्या, कमरेत घट्ट खोचल्या आणि उतरली.

नाचून दमल्यावर दोघी जणी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर धापा टाकत बसल्या. गंगुबाई समोर बघतच म्हणाली, "समृद्धीच्या पाठची हाय ना, तिचा पन जमलाय. थंडीत हाय लगीन. तू यायचंस."

"येईन की."

"पन थंडी लय असते गो. तवा या उघऱ्या पायांचा काय करशील?"

"खाली लोकरीचे मोजे घालीन," तुळसाबाई म्हणाली. "लाल."