एल मापाचा ड्रेस

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आणि अंगानं माझ्या दुप्पट. आमच्या घरात हे असंच, तिच्यादेखत बोललं जायचं. आई मला ‘बारके’ म्हणायची आणि तिला नुसतं ‘अगं’.

राजुरीत आमच्या आळीतली एक बाई मशीनवर कपडे शिवायची. टेप लावून आकडे वहीत लिहायची, ते तिचे तिच्यापाशी राहायचे. शिवलेला कपडा अंगावर बसायचा, तेवढ्यावर भागायचं. आपल्याला एक अक्षर असतं हे आम्हाला रेडिमेड ड्रेस आल्यावर कळलं. आळेफाट्यावर एका मारवाडी कुटुंबाचं कापडाचं दुकान होतं. बायकांच्या ड्रेसचा भाग शेठची बायको बघायची, तिला सगळे भाभी म्हणायचे. ताईनं तिथून पहिला ड्रेस घेतला त्यावर एल होतं, आणि तो तिला ढगळच झाला. त्या दिवसापासून ताई एल झाली. मला तिथंच एक ड्रेस एस बसला आणि दुसऱ्या कंपनीचा एम. एसचं मी सगळ्या मैत्रिणींना सांगितलं. एमचं नाही.

ताईला पिंपरी पेंढारचं स्थळ आलं. मुलगा चाकणला कंपनीत. त्या घरात शब्द चालायचा मुलाच्या थोरल्या बहिणीचा. ती पुण्यात दिलेली होती. सुपारी फुटली त्या दिवशी ती म्हणाली, “चाकणला ऱ्हायचं तर साडीवर न्हाई भागायचं. ड्रेस मी पुण्यातून आणते. साइज काय हिची?”

आईनं माझ्याकडं बघितलं.

“एल,” मी सांगितलं.

साखरपुड्याला ती ड्रेस घेऊन आली. डाळिंबी रंगाचा, गळ्याला टिकल्यांचं काम. साडी नेसवून, ओटी भरून झाली तसं ती ताईला आतल्या खोलीत घेऊन गेली. मागोमाग पाच-सहा बायका गेल्या, आई आणि मीही गेलो.

“घालून दाव,” ती म्हणाली.

ताईनं ड्रेस डोक्यातून घातला आणि तो छातीशी अडकला. तिचे दोन्ही हात वर, तोंड कापडात. पोट उघडं. तिला कुणी दिसत नव्हतं, आम्हाला सगळं दिसत होतं.

“एल सांगितलं व्हतं ना तुमी?” नणंद आईला म्हणाली. “लेबल बघा. एलच हाय.”

तिनं ड्रेसची खालची कड धरून जोरात ओढली. खांद्याची शिवण टरकन उसवली.

“म्हंजी एलच्याबी पुढं गेली का काय ही?”

बायका हसल्या. मीही हसले. सगळ्यांत आधी मीच हसले असणार, असं मला आता वाटतं.

ताईनं ड्रेस काढला. केस विस्कटलेले, कुंकू गालापर्यंत पसरलेलं. नणंद तिला काही बोलली नाही, आईलाच म्हणाली, “लग्नाला दीड महिना हाय. पूजेच्या दिशी हाच ड्रेस घालून देवाला जायचं. तवर बसला पायजे. न्हाईतर आमची मान्सं म्हणतील, माप खोटं सांगून पोरगी दिली.”

दुसऱ्या दिवसापासून आईनं ताईची भाकरी अर्ध्यावर आणली. रात्री नुसतं ताक. शिंकाळ्यातलं काही ती काढत नाही ना, हे बघायचं काम माझ्याकडं दिलं. मी ते मन लावून केलं. एकदा तिनं मूठभर शेंगदाणे घेतले तर मी आईला जाऊन सांगितलं. आईनं तिची मूठ उघडून दाणे काढून घेतले, आणि मग ते मलाच दिले. मी तिच्यासमोर ते खाल्ले.

कांदे काढायचे दिवस होते. एका दुपारी ताई वाफ्यातच खाली बसली आणि आडवी झाली. आईनं तोंडावर पाणी मारलं. ताईनं डोळे उघडल्यावर आईनं तिचा दंड चिमटीत धरून बघितला आणि म्हणाली, “उतरतंय. उतरतंय.”

उसवलेला खांदा आईनं हातानं शिवून घेतला, आणि दर रविवारी ती ताईला ड्रेस घालायला लावायची. दर रविवारी तो तिथंच अडकायचा. ताईचा चेहरा ओढला, गळ्याची हाडं वर आली, तरी ड्रेस खाली उतरेना. आई म्हणायची, “चोरून खातीस तू.”

एकदा घरात कुणी नसताना मी कडी लावली आणि तो ड्रेस घातला. तो माझ्या अंगावर कसा लोंबतो ते मला बघायचं होतं. संध्याकाळी सांगून हसता आलं असतं. पण ड्रेस माझ्याही छातीशी अडकला. मी घाबरले. हाताला डाव्या काखेखाली काहीतरी टोचलं. तिथं चेन होती, शिवणीत लपवलेली, बघून कळणार नाही अशी. ती उघडल्यावर ड्रेस खाली आला, पण दंडाला फास बसल्यासारखा बसला आणि श्वास घेता येईना. मी आरशासमोर उभी होते. एस असलेली मी, आणि मानेमागं एलचं लेबल.

म्हणजे ताईचं काही चुकलं नव्हतं. ड्रेसच बारका होता. महिनाभर आम्ही तिला एका लेबलापायी उपाशी ठेवलं होतं.

मी ड्रेस काढला, त्याची होती तशीच घडी घातली आणि पेटीत ठेवून दिला. संध्याकाळी आई ताईला म्हणाली, “बारकीकडं बघ, कशी काडीवानी हाय.” मी खाली मान घालून जेवले. मला ते ऐकायला आवडत होतं. खरं सांगितलं असतं तर ते बंद झालं असतं.

लग्नाला दहा दिवस राहिले तेव्हा ताईच म्हणाली, “मी भाभीला दावून येते.” आईनं मला सोबत पाठवलं. जीपमधून आम्ही आळेफाट्याला गेलो. भाभीनं ड्रेस काउंटरवर पसरला, टेप लावली. मग मागच्या फळीवरून एक दुसरा ड्रेस काढून त्यावर ठेवला. दोन्हीवर एल. खालचा डाळिंबी ड्रेस वरच्याच्या आड पूर्ण झाकून गेला.

“प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं गं,” भाभी म्हणाली. “लेबल काय, शिवणारा लावेल ते. हा तर तुझ्या बहिणीलासुद्धा घट्ट होईल. घालून बघ गं तू.”

मी नको म्हणाले. ताई म्हणाली, “बघ की घालून.”

कोपऱ्यात पडदा लावलेला होता. मी आत गेले, ताई पडदा धरून उभी राहिली. मी ड्रेस हातात घेतला, उलटा केला आणि डाव्या काखेखालची चेन उघडली.

ताई हळू आवाजात म्हणाली, “चेन हाय हे तुला कवा कळलं?”

मी चेन परत वर ओढली. भाभीनं बाहेरून विचारलं, “बसतोय का?” ताईनंच उत्तर दिलं, “न्हाई बसत.”

भाभीनं दोन्ही बाजूंना त्याच रंगाच्या कापडाच्या पट्ट्या जोडून द्यायचं कबूल केलं आणि ड्रेस ठेवून घेतला. परतीच्या जीपमध्ये ताई पुढच्या सीटवर जाऊन बसली.

घरी आल्यावर तिनं ताट घेतलं, दोन भाकऱ्या घेतल्या आणि खाली बसली. आई धावत आली.

“ड्रेसच बारका हाय आई,” ताई म्हणाली. “हिला इचार. हिनं घालून बघितलाय.”

आई माझ्याकडं वळली. ताईनंही बघितलं. तिच्या हातात घास होता.

“मला न्हाई म्हाईत,” मी म्हणाले. “मी कशाला घालू तिचा ड्रेस?”

आईनं ताईच्या समोरून ताट उचललं. ताईनं अडवलं नाही. हातातला घास तेवढा खाल्ला.

लग्न झालं. पूजेच्या दिवशी ताईनं पट्ट्या जोडलेला ड्रेस घातला, वरून ओढणी सोडली. नणंदेनं तिला सगळ्या पाहुण्यांसमोर फिरवून दाखवलं. “बघा, झाली का न्हाई बारीक? मान्सानं मनावर घेतलं पायजे,” असं ती म्हणत होती, आणि आई अभिमानानं मान डोलवत होती. ताई हसत होती. पट्ट्यांचं तिनं कुणालाच सांगितलं नाही.

पूजेच्या आदल्या दिवशी, म्हणजे लग्नादिवशीच, पाठराखीण म्हणून तिच्यासोबत सासरी मी जायचं असं ठरलेलं होतं. माझी पिशवी भरून झाली होती. मांडवातून गाडी निघायच्या वेळेला ताई मावशीच्या मुलीचा हात धरून म्हणाली, “ही येईल माझ्यासंगं.”

“आन् बारकी?” मावशीनं विचारलं.

“तिची परीक्षा हाय.”

सुट्ट्या लागल्या होत्या. परीक्षा होऊन गेली होती, हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मावशी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी म्हणाले, “हो, परीक्षा हाय,” आणि पिशवी घेऊन आत गेले.