जमादारबाई आणि वरच्या मजल्यावरचे ठोके

जमादारबाई आधी मारायच्या आणि मग विचारायच्या. येरवड्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून राहायला गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची पहिली थप्पड खाल्ली. दार वाजलं, मी उघडलं, समोर बाई, आणि काही कळायच्या आत गाल झणझणला. "कोण आहे म्हणून विचारलंस का?" त्या म्हणाल्या. "आज मी होते. उद्या तो असला म्हणजे?" मग दुसऱ्या हातातली झाकलेली ताटली माझ्याकडे देऊन त्या खाली निघून गेल्या. ताटलीत गरम थालीपीठ होतं. मी चडफडत ते सगळं संपवलं.

'तो' म्हणजे माझा नवरा. तीन वर्षं त्याचा मार खाऊन मी अकोल्याहून एका बॅगेनिशी पुण्याला पळून आले होते. हे मी बाईंना सांगितलं नव्हतं. त्यांनी माझं वाकडं जुळलेलं मनगट पाहिलं आणि त्या समजल्या. चोवीस वर्षं त्यांनी तुरुंगात बायकांच्या बराकीवर पहारा केला होता. असली मनगटं त्यांना नवी नव्हती. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी गल्ली त्यांना जमादारबाईच म्हणायची. एकदा लाडात येऊन मी 'मावशी' म्हटलं, तर "मी कुणाची मावशी नाही. बाई म्हणायचं," असं ऐकून घ्यावं लागलं.

मारायला त्यांना माणूसच लागे असंही नाही. टीव्ही, मिक्सर, न लागणारा गॅसचा लायटर, सगळ्यांनी त्यांचा हात पाहिला होता. मुलगा अमेरिकेत होता आणि नातवाचं तोंड दिसावं म्हणून त्याने बाईंना कॉम्प्युटर आणि इंटरनेट घेऊन दिलं होतं. नातू पडद्यावर तोंड वासून अडकला की बाई कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या कानशिलात ठेवून देत. "गोडीत सांगून कळत नाही याला!" आश्चर्य म्हणजे नातू पुन्हा बोलू लागे.

तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरवरच्या कामाचं नुसतं पेव फुटलं होतं. मला मिळालं ते मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचं. अमेरिकेतले डॉक्टर आपल्या रोग्यांबद्दल जे बोलत ते हेडफोन लावून ऐकायचं, टाइप करायचं आणि ठरल्या वेळेच्या आत इंटरनेटवरून पाठवायचं. तीन महिने एकही फाईल उशिरा गेली नाही तर नोकरी पक्की. गेली, तर पुन्हा अकोला. माहेरच्यांनी तसं स्पष्टच कळवलं होतं. रस्त्यावर तो भेटेल या धास्तीने मी घरूनच काम मागून घेतलं. बुधवार पेठेतून सुटे भाग जोडून आणलेला कॉम्प्युटर वर माझ्या खोलीत, आणि इंटरनेट मात्र खाली बाईंच्या.

आधी खिडकीतून निळी वायर सोडली. संध्याकाळी बाईंनी कोयत्याने तिचे तीन तुकडे केले. मी तावातावाने खाली गेले. "बाई, दोरी नाही ती, वायर आहे! माझी नोकरी आहे त्या वायरवर!" बाई शांतपणे कोयता पुसत होत्या. "वरच्या खिडकीतून खाली आलेलं काहीही मी चोवीस वर्षांत लोंबू दिलं नाही. आता देणार नाही." मी आणखी आवाज चढवला तेव्हा दंडावर एक सणसणीत फटका बसला. मीही गप्प बसले नाही. आमचं ते भांडण अख्ख्या गल्लीने ऐकलं.

शेवटी वायरलेसचा तोडगा निघाला. दुकानदाराने बोटाएवढ्या अँटेनाची दोन कार्डं दिली. एक खालच्या मशीनला, एक वरच्या. खालचं मशीन चालू असलं की वर इंटरनेट येणार. बाई छताकडे बघत राहिल्या. "मध्ये स्लॅब आहे ना? मग जातं कुठून?"

"लहरी असतात, बाई. भिंतीतून जातात."

"माझ्या डोळ्यांदेखत?"

हा त्यांना शुद्ध हलगर्जीपणा वाटला. त्यांनी पासवर्ड घालायला लावला आणि दर रविवारी, कुलूप बदलावं तसा, तो बदलायला लावला.

पण ती जोडणी नाठाळ होती. दिवसातून चारदा तुटे. मग आमची एक पद्धत पडली. इंटरनेट गेलं की मी खलबत्त्यातला बत्ता जमिनीवर आपटायचा. बाई खालून लाठीने छतावर दोन ठोके द्यायच्या, म्हणजे कळलं. मग त्यांनी कॅबिनेटला बडवून मशीन बंद-चालू करायचं. त्या ठोक्यांवर माझ्या अडीच महिन्यांच्या सगळ्या फायली वेळेत गेल्या.

तिसरा महिना संपायला चार दिवस होते. भर दुपारी दार वाजलं. मी विचारलं, "कोण?" उत्तर आलं, "कुरिअर." मी कडी काढली आणि नवरा आत आला.

"चाल घरी," तो म्हणाला. "लय झाले तुह्ये नखरे."

मी नाही म्हटलं. त्याने केस धरून मला जमिनीवर आपटलं. कपाळ, गुडघा, पुन्हा कपाळ. मी ओरडले नाही. तीन वर्षांत त्याच्यापुढे तोंडातून आवाज न काढायची सवयच लागली होती. आवाज काढला की मार वाढे. त्याने मला पुन्हा आपटलं, आणि खालून लाठीचे दोन ठोके आले. कळलं म्हणून. बाईंना वाटलं, इंटरनेट गेलं. तो लाथा घालत होता, माझं डोकं फरशीवर आदळत होतं आणि खाली बाई कॅबिनेटला बडवत मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. मला सगळं ऐकू येत होतं. हाक मारायला माझं तोंड उघडेना.

"किती आपटशील गं? आलंय की परत!" असं करवादतच बाई हातातल्या लाठीसकट जिना चढून आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या क्षणभर उभ्या राहिल्या. या एकदाच त्यांनी हात उचलायला वेळ लावला. मग पहिल्या लाठीत त्याचं मनगट मोडलं. तो आवाज मी विसरणार नाही. दुसरी खांद्यावर, तिसरी तोंडावर. रक्ताची गुळणी टाकत तो आडदांड माणूस दाराकडे धावला, आणि वाटेतल्या बाईंना त्याने सगळ्या अंगाने ढकललं. बाई जिन्यावरून थेट खालच्या अंगणात गेल्या. त्याला गल्लीतल्या लोकांनी धरला आणि बडवला.

बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्या त्या मला विचारतच. "किती ठोके होते?"

"काय की, बाई."

"चौदा. मी मोजले. जन्मभर मोजायचीच नोकरी केली. चौदा मोजले आणि त्या डबड्याला मारत बसले." त्यांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. पुन्हा हात उचलला तेव्हा मी तो धरला.

हवालदार कागद घेऊन आला. "काय झालं, ताई?" माझ्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलंच होतं: पडले. मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, आता सुनावतील. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी हवालदाराच्या हातून कागद घेतला आणि स्वतःच लिहू लागले. परक्या देशातल्या रोग्यांच्या जखमा मी रोज नेमक्या शब्दांत उतरवत होते. डाव्या भुवईच्या वर दोन बोटं, खोल, उभी. उजवी सहावी आणि सातवी बरगडी. मनगट जुनं, नीट न बसवलेलं, कधी मोडलं, कशाने मोडलं. पान संपलं तेव्हा हवालदार म्हणाला, "झालं?" मी दुसरं पान मागितलं.

त्या दिवशीची फाईल गेली नाही. ती नोकरी गेली. पुढे दुसरी मिळाली. बाई नवव्या दिवशी, छातीत कफ होऊन, त्याच खाटेवर गेल्या. मुलगा विमानाने पोचेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून होते.

खटला उभा राहिला तेव्हा नवऱ्याच्या वकिलाने गल्लीत चौकशी करून ठेवली होती. "त्या बाई तुम्हाला मारत असत, हे खरं आहे ना?" त्याने विचारलं. "मग जबाबातल्या या जखमा त्यांनीच केल्या नाहीत कशावरून?"

"मारत होत्या," मी म्हटलं. "पण त्यांनी मारलं की मी ओरडत होते, भांडत होते. सगळ्या गल्लीने ऐकलंय, विचारा. याने तीन वर्षं मारलं, आणि शेजारच्या घरालासुद्धा कधी कळलं नाही."

वकील खाली बसला. मला बाईंची इतकी आठवण आली की तिथेच, भर कोर्टात, मी मोठमोठ्याने रडले.