दादाच्या पाणबुडीची समीक्षा

दादा मंगळवारी सकाळी गेला. मी भुकूमच्या, आम्हा बहीणभावाच्या फ्लॅटमध्ये चहा गाळत होते. आतून ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज येत राहिला, त्याच्या श्वासाचा येईना.

सोसायटीचं चित्रपट मंडळ त्यानंच सुरू केलेलं. महिन्याभरात मंडळानं श्रद्धांजली म्हणून सोसायटीच्या क्लबहाउसात त्याचा आवडता सिनेमा लावला. जुना, पाणबुडीतल्या युद्धाचा. याच सिनेमाला याच क्लबहाउसात, सूसहून व्याख्यानाला येणाऱ्या समीक्षक सरांनी पूर्वी 'लांबवलेली कसरत' म्हटलं होतं. शिवाय शत्रूच्या खलाशांसाठी आपण का रडायचं, हा त्यांचा सवाल. दादा एवढंच म्हणाला होता, "श्वास सगळ्यांनाच लागतो, सर." टाळ्या सरांना मिळाल्या.

दादाच्या आजारपणात आम्ही दोघांनी तो सिनेमा घरी पुन्हा पाहिला. पाणबुडी तळाशी बसते, वर जहाजं फिरतात, खाली माणसं नुसती ऐकत राहतात. तेवढा भाग दादानं नाकात नळी असताना, न हलता पाहिला. "मंडळात लावाल तेव्हा हे कापू देऊ नकोस," म्हणाला. बाकी काही मागितलं नाही.

श्रद्धांजलीला नेमका तोच भाग सुरू झाला आणि मागून गावातले एक काका ओरडले, "लई येळ झाला, वर काढा की त्यास्नी!" हशा पिकला. काकांचा मला राग नाही, ते निदान पाहत तरी होते. सेक्रेटरींनी रिमोट उचलला. खलाशी भराभर घाम पुसू लागले.

"मागे घ्या," मी म्हणाले.

"अहो ताई, काही होतच नाही त्यात. पुलाव गार होतोय."

सिनेमा संपल्यावर सर उठले. आता तो 'कालजयी' झाला होता. "दिग्दर्शकानं शांततेला बोलतं केलंय," ते म्हणाले. कुठल्या शांततेला, हे कोणी विचारलं नाही. माना डोलल्या आणि सगळे ताटं घेऊन रांगेत गेले. मेलेल्या माणसाची आवड नाकारणं बरं दिसत नाही, एवढाच त्यांच्या समीक्षेतला नवा विचार. एक बाई पापड मोडत मला म्हणाल्या, "काय निवड हो दादांची!" पळवलेल्या भागात त्या फोनवर होत्या.

मी टीव्हीतून सिनेमाचा पेन ड्राइव्ह काढून घेतला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

तो माझ्या कपाटात आहे. तो भाग भुकूममध्ये दोघांनी पूर्ण पाहिला. त्यांपैकी आता मी आहे.