वन्संची वळवलेली जीभ

आमच्या वन्सं ऑपरेशन थिएटरात नर्स आहेत. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. आमचं फार पटतं असं मी कधी म्हटलेलं नाही. शिस्तीच्या बाई. मी चहाचा कप जरा वाकडा ठेवला तरी तो सरळ करून मग पिणार. पण त्यांच्या वाट्याला जे आलं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

त्यांचा नवरा पोरीला घेऊन परदेशी गेला. मी पुढे जातो, तू मागून ये, म्हणाला आणि मागून बोलवायचं सोयीनं विसरला, मेला. पोर तेव्हा बोबडं बोलायची. आता ती उंचीला आईएवढी झालीय, आणि आपली भाषा तिच्या तोंडात औषधालाही उरलेली नाही. वन्सं फोनवर तिकडच्या भाषेत बोलायला लागल्या की ती दर वाक्याला "काय?" विचारायची. दोनदा, तीनदा. मग वैतागून फोन ठेवून द्यायची. वन्सं नंतरही फोन कानाला धरून बसायच्या. मला बघवायचं नाही, मी उठून स्वयंपाकघरात जायची.

पोरीकडे जायला एकच वाट होती. तिकडच्या एका हॉस्पिटलनं वन्संना नोकरी देऊ केली होती, पण बोलण्याची परीक्षा पास व्हायला हवी होती. बाकी सगळे पेपर झाले होते, बोलण्यातच त्या दोनदा आपटल्या. मग हॉस्पिटलनं कळवलं की ही शेवटची खेप, यापुढे जागा राखून ठेवता येणार नाही. वन्संच्या तोंडचं पाणीच पळालं. तेव्हा कुणीतरी त्यांना उच्चार शिकवणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला.

शिंप्याच्या दुकानावर त्या बाईंची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. एकदा मी सोबत गेले होते. बाईंनी वन्संना पुढच्या दातांत बाटलीचं बूच धरायला लावलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. हनुवटीवरून लाळ गळत होती आणि चाळिशी उलटलेल्या वन्सं रुमालानं पुसत पुसत वाचत होत्या. बाई म्हणाल्या, तुमचा आवाज नाकातून येतो, तो खाली पोटात उतरवा. आणि मग नियम घातला, परीक्षेपर्यंत आपली भाषा बंद. घरीदारी, भांडणात, रडताना, कुठंच नाही. एक शब्द निसटला तरी जीभ जुन्या वळणावर जाते म्हणे.

थिएटरात काही अडलं नाही. तिथं पेशंट गुंगीत, आणि डॉक्टर नुसता हात पुढे करतो. अडलं घरात. दूधवाल्यानं मला दबक्या आवाजात विचारलं, कोण पाहुण्या आल्यात तुमच्याकडे? आमचे हे तर बहीण समोर आली की पेपरात तोंड घालायचे, कारण यांची त्या भाषेतली मजल दुकानांच्या पाट्यांपर्यंतच.

पण सासूबाईंचं काय? त्यांचे डोळे कधीचेच गेलेले. माणसं आवाजावरून ओळखायच्या. वयामुळे डोकंही कधी थाऱ्यावर, कधी नाही. रोज कामावरून आलं की वन्सं त्यांच्या पायांना तेल चोळायच्या आणि दिवसभरातलं सगळं सांगायच्या. तेल चोळणं चालू राहिलं, सांगणं मात्र परक्या भाषेत गेलं. आधी सासूबाई हसायच्या, पुरे गं तुझी पोपटपंची. मग नुसत्या ऐकून घेऊ लागल्या. आणि एके दिवशी त्यांनी पाय आखडून घेतले आणि मला हाक मारून विचारलं, ही कामाला ठेवलेली बाई कोण गं?

माझं डोकंच फिरलं. वन्संना स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, "एकदा त्यांना 'आई' म्हणा. एका शब्दानं काय आभाळ कोसळणार आहे?"

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण नियम मोडला नाही. मला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्या भाषेत एवढंच म्हणाल्या, की माझी मुलगी माझा फोन ठेवून देते.

आणि त्या पास झाल्या. निकाल दुपारी लागला. आधी पोरीला फोन लावला. पोरीनं एकदाही "काय?" विचारलं नाही. कशावरून तरी खळखळून हसली, ते मला पलीकडे ऐकू आलं. वन्सं खिडकीचा गज घट्ट धरून उभ्या होत्या.

फोन झाला तशा धावतच आईकडे गेल्या. पलंगावर बसून हात हातात घेतला आणि कित्येक महिन्यांनी आपल्या भाषेत म्हणाल्या, "आई, मी आले गं. पास झाले."

काय सांगू! शब्द आपलेच, पण गोल गोल, घडी घातल्यासारखे. आवाज खोल. समोर बघत असूनही मला कुणी परकी बाई बोलतेय असं वाटलं. सासूबाई नुसत्या कान देऊन बसल्या. वन्संनी पुन्हा हाक मारली. आवाज चढवून बघितला, पातळ करून बघितला, नाकातून काढून बघितला. जितका जुना आवाज काढायला जावं तितका तो नाटकी यायला लागला. शेवटी मीच म्हणाले, "अहो आई, या वन्संच आहेत."

"तू गप्प बस. मला माझ्या लेकीचा आवाज कळत नाही होय?" सासूबाई म्हणाल्या. मग वन्संचा हात थोपटत अगदी अदबीनं बोलल्या, "बसा हं बाई. तुमची ओळख आहे का तिच्याशी? ती पोरीकडे जायची आहे, परदेशी. जाऊ दे, पोर आईवाचून किती दिवस राहणार? तिला एवढंच सांगा, जायच्या आधी एकदा माझ्याशी बोलून जा म्हणावं."

"सांगते," वन्सं म्हणाल्या.